देशावर बंदी आली तर पहिला घरी बसेल तो आपलाच पोरगा

पोस्ट लांब आहे, पण वेळ काढून वाचा. विशेषतः ज्यांच्या घरात भरतीची किंवा खेळाची तयारी करणारं पोरगं आहे त्यांनी.

माझं मेढ्यात मेडिकल आहे, हे इथल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. परवा रात्री दुकान बंद करायच्या वेळेला एक पोरगा आला. गिऱ्हाईक कोणी नाही बघून हळूच मोबाईल पुढे केला. त्यावर एका इंजेक्शनच्या बाटलीचा फोटो. "काका, हे मिळंल का?" मी नाव वाचलं. मेफेंटरमाईन. ऑपरेशनच्या टेबलावर भूल दिल्यानंतर पेशंटचा रक्तदाब खाली गेला तर डॉक्टर हे औषध देतात. जिममधल्या आणि ग्राउंडवरच्या पोरांना त्याचा वेगळाच उपयोग कळलाय. दम लागत नाही, झोप येत नाही, अंगात वारं शिरल्यासारखं वाटतं. सांगली-मिरजेपासून आपल्या साताऱ्यापर्यंत चोरून विकलेल्या अशा बाटल्या पोलिसांनी पकडल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील.

"कशाला पाहिजे रे?" म्हटलं. "सोळाशे मीटरला."

त्याला काय बोललो ते पुढे सांगतो. आधी दुसऱ्याच दिवशी आपल्या गावच्या ग्रुपवर जे भांडण झालं त्याबद्दल. कोणीतरी बातमी टाकली, डोपिंगमध्ये भारत जगात पुन्हा पहिला. लगेच निम्मे लोक म्हणाले, हा भारताला बदनाम करायचा डाव आहे, 2030 ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाली म्हणून गोऱ्यांच्या पोटात दुखतंय. उरलेल्यांचं म्हणणं, सरळ भारतावर बंदी घाला, त्याशिवाय सुधारणार नाहीत. मला दोन्ही पटलं नाही. ग्रुपवर दोन ओळींत सांगता येईना, म्हणून हे इथे लिहितोय.

आकड्यांपासून सुरुवात करू. जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, म्हणजे वाडा, दरवर्षी आकडे काढते. 2024 मध्ये भारतात 7113 नमुने तपासले, 260 जण सापडले. म्हणजे 3.6 टक्के. त्याच्या आदल्या वर्षी दर 3.8 होता. पाच हजारांहून जास्त तपासण्या करणाऱ्या देशांत एवढा दर कोणाचाच नाही, आणि सलग तिसऱ्या वर्षी आपण वर आहोत. "आपण जास्त तपासतो म्हणून जास्त सापडतात" हे सरकारी उत्तर टिकत नाही. चीन आपल्या तिपटीहून जास्त नमुने तपासतो आणि त्यांचा दर आपल्या जवळपासही येत नाही. (चीन धुतल्या तांदळासारखा आहे असं नाही. त्यांचे 23 जलतरणपटू 2021 मध्ये सापडले होते आणि हॉटेलच्या स्वयंपाकघरातून औषध पोटात गेलं म्हणून सगळे सुटले. जगाला ते कळायला 2024 उजाडलं.)

आपल्याकडच्या संस्थेचं नाव नाडा. नावावरून विनोद करून झाले असतील तर पुढे जाऊ.

आता बंदीचं. एखाद्या खेळाडूवर बंदी येते ते समजतं. पण अख्ख्या देशाच्या संघावर का? ज्याने काही खाल्लं-प्यायलं नाही त्याने का भोगायचं? मलाही आधी हे अन्यायाचंच वाटायचं. पण रशियाचं प्रकरण नीट वाचलं तेव्हा कळलं की कधीकधी दुसरा इलाजच उरत नाही. 2014 च्या सोची हिवाळी ऑलिंपिकमध्ये तिथल्या प्रयोगशाळेच्या भिंतीला भोक होतं. रात्री त्या भोकातून खेळाडूंच्या लघवीच्या बाटल्या पलीकडच्या खोलीत जायच्या. तिथे गुप्तहेर खात्याची माणसं त्या उघडायची, आणि काही महिने आधी साठवून ठेवलेली स्वच्छ लघवी भरून बाटल्या परत यायच्या. हे सांगितलं कोणी? त्याच प्रयोगशाळेच्या प्रमुखाने, ग्रिगोरी रोदचेंकोव्हने, अमेरिकेत पळून गेल्यावर. जिथे तपासणारा, खेळवणारा आणि सरकार तिघंही एकाच ताटात जेवतात, तिथे एकेका खेळाडूला पकडणार कसं? कोण स्वच्छ आणि कोण नाही हे ठरवणारा तराजूच खोटा. मग तराजू ठेवणाऱ्याला बाहेर काढावं लागतं.

रिओला 2016 मध्ये रशियाच्या ॲथलेटिक्स संघाला येऊ दिलं नाही. फक्त एका लांबउडीवालीला परवानगी मिळाली, कारण ती अमेरिकेत सराव करायची आणि तिची तपासणी तिकडे व्हायची. पॅरालिंपिकला तर रशियाचा अख्खा संघ बाहेर. पुढे 2019 मध्ये वाडाने चार वर्षांची बंदी घातली, लोझानच्या क्रीडा लवादाने 2020 च्या डिसेंबरात ती दोन वर्षांवर आणली. आणि टोकियोत काय झालं? झेंडा नाही, राष्ट्रगीत नाही, त्याऐवजी चायकोव्हस्कीचं संगीत, पण खेळाडू आले आणि 71 पदकं घेऊन गेले. बंदी म्हणायची की नावाची पाटी बदलणं, तुम्हीच ठरवा. मला विचाराल तर मोठा देश होता म्हणून पाटी बदलण्यावर निभावलं. बल्गेरियाच्या वेटलिफ्टिंग संघाला रिओला असं कोणी पाटी बदलून येऊ दिलं नाही, सरळ घरी बसवलं.

आणि ज्या धावपटूने हे सगळं सर्वात आधी उघड केलं, त्या युलिया स्तेपानोव्हाला ऑलिंपिक समितीने रिओत धावू दिलंच नाही. आधी ती स्वतः दोषी ठरली होती हे कारण. खरं बोलणाऱ्याला काय मिळतं हे बघून उद्या कोण बोलणार?

आता याच रिओत आपल्या जिल्ह्याची एक पोरगी धावत होती. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर. 3000 मीटर स्टीपलचेस. प्राथमिक फेरीत 9 मिनिटं 19.76 सेकंद असा राष्ट्रीय विक्रम करून ती फायनलला गेली. तिथे दहावी आली. पी. टी. उषानंतर ट्रॅकवर ऑलिंपिकची फायनल गाठणारी ती पहिली भारतीय बाई, म्हणून साताऱ्यात किती आनंद झाला होता ते आठवत असेल. त्या शर्यतीत पहिली आली बहारीनची रुथ जेबेट. दीड वर्षाने दिलेल्या नमुन्यात तिच्या अंगात ईपीओ सापडलं, रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवणारं औषध, आणि 2020 मध्ये तिच्यावर चार वर्षांची बंदी आली. रिओचं सुवर्ण मात्र तिच्याकडेच राहिलं, कारण सापडलेला नमुना नंतरचा होता.

मला यातून काय दिसतं सांगतो. रशियात मॉस्कोपासून दूर कुठल्यातरी खेड्यात एखादी ललिता असेलच की. काही न घेता पहाटे पळणारी. देशावर बंदी आली तेव्हा ती घरी बसली. आणि बंदी नसती तर इकडच्या ललिताला भोक पाडलेल्या प्रयोगशाळेतून आलेल्यांशी पळावं लागलं असतं. दोन्हीकडे एकेक पोरगी मरते. म्हणून "देशावर बंदी चांगली की वाईट" हा प्रश्नच मला अर्धवट वाटतो. ती वेळ येण्याआधी दहा वर्षं घरातली माणसं काय करत होती, हे विचारलं पाहिजे.

आणि आपल्यावर अशी वेळ आलेली आहे, हे ग्रुपवरच्या एकालाही आठवलं नाही. भारतीय वेटलिफ्टिंग संघटनेवर डोपिंगमुळे एकदा नाही, पुन्हा पुन्हा बंदी आलीय. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये आपल्या लिफ्टर सापडल्या, 2006 ला पुन्हा तेच. 2009 मध्ये परत इतके जण सापडले की दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत यजमान देशाचाच वेटलिफ्टिंग संघ नसण्याची वेळ आली. शेवटी पाच लाख डॉलर दंड ठरला आणि तो भरून आपण आत आलो. म्हणजे स्वतःच्या लग्नात मांडवाबाहेर उभं राहायची पाळी, ती पैसे देऊन टाळली. तो दंड काही इंजेक्शन टोचणाऱ्या कोचच्या खिशातून गेला नाही.

सांगलीचा संकेत सरगर आठवतोय? 2022, बर्मिंगहॅम, 55 किलो गट. वडिलांची पानटपरी आणि चहाचं दुकान. भारताचं त्या स्पर्धेतलं पहिलं पदक त्याचं. 248 किलो उचललं, कोपर दुखावलं, मलेशियाच्या खेळाडूने 249 उचललं. एका किलोने सुवर्ण गेलं. त्याच मलेशियाचा वेटलिफ्टिंग संघ डोपिंगच्या जुन्या प्रकरणांमुळे टोकियो ऑलिंपिकमधून बाहेर ठेवला होता. जुनी पापं कोणाची आणि घरी बसलं कोण? उद्या आपल्या संघटनेवर तशी बंदी आली, तर सांगलीच्या एखाद्या टपरीमागे सराव करणाऱ्या नव्या पोराला कोणी विचारणार नाही की बाबा तू काही घेतलंस का. नाव भारत, मग बस घरी. पाच लाख डॉलर भरणारा दर वेळेला सापडेलच असं नाही. आणि सगळ्या खेळांत तो नियमही नाही.

पण आपलं दुखणं रशियासारखं आहे का? मला नाही वाटत. आपल्याकडे सरकार बाटल्या बदलत नाही. आपल्याकडे कोणाचं लक्षच नसतं. 2023 च्या सप्टेंबरात दिल्लीत राज्य ॲथलेटिक्स स्पर्धा होती, जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर. नाडाची माणसं आलीत असं कळल्यावर पोरं पळाली. म्हणजे शर्यतीत नाही, स्टेडियममधून. पुरुषांच्या 100 मीटरच्या फायनलला एकच धावपटू उरला. स्वच्छतागृहात वापरलेल्या सुया पडल्याचा व्हिडिओ देशभर फिरला. ही राज्य पातळीची स्पर्धा. ऑलिंपिक लांबच, इथे पदक मिळालं तर फार तर एक प्रमाणपत्र. मग घ्यायचं कशासाठी? त्या प्रमाणपत्रावर नोकरी आहे म्हणून. आपल्या महाराष्ट्रात खेळाडूंना सरकारी नोकरीत 5 टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला वाढीव गुण आहेत. चांगली गोष्ट आहे, राहिलीच पाहिजे. पण जिथे एका पदकावर आयुष्यभराचा पगार लटकलाय आणि तपासणी जवळपास नाहीच, तिथे पोरगं काय करणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणं आपल्या राज्यात झालीच आहेत. इंजेक्शन म्हणजे तेच, फक्त कागदाऐवजी अंगावर मारलेला बोगस शिक्का.

दुसरी गोष्ट, आपली सवय. माणूस मोठा असला की आपण त्याच्या बाजूने उभं राहतो, पुरावा नंतर बघतो. नरसिंग यादवचं बघा. तीन वेळा महाराष्ट्र केसरी, महाराष्ट्र पोलिसांत अधिकारी, 2015 च्या जागतिक स्पर्धेत कांस्य. रिओच्या तोंडावर दोन नमुन्यांत मेटँडिएनोन सापडलं, जुनं, नावाजलेलं स्टेरॉइड. त्याचं म्हणणं, सोनिपतच्या शिबिरात कोणीतरी माझ्या खाण्यापिण्यात मिसळलं. नाडाने 1 ऑगस्टला त्याला निर्दोष सोडलं. सगळ्या देशाने टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. वाडा लवादाकडे गेली. 18 ऑगस्टला, कुस्तीच्या आदल्या दिवशी, निकाल आला, चार वर्षं बंदी. घातपाताचा पुरावा पटण्यासारखा नाही, असं लवाद म्हणाला. खरं काय झालं ते त्याला आणि देवाला ठाऊक, मी इथे बसून निवाडा करणार नाही. पण आपल्या देशाच्या संस्थेने दिलेली चिठ्ठी बाहेर सतरा दिवसही टिकली नाही, हे बरं लक्षण नव्हतं. पुढे 2019 मध्ये वाडाने दिल्लीच्या प्रयोगशाळेची मान्यताच काढून घेतली, ती परत मिळायला 2021 चा डिसेंबर उजाडला. तोवर टोकियो ऑलिंपिक होऊनही गेलं होतं. मधल्या काळात आपले नमुने परदेशात पाठवावे लागायचे. रशियाबद्दल बोलताना तराजू खोटा म्हटलं, आपला तराजू खोटा नव्हता, पण गंजलेला होता. आता प्रयोगशाळा सुरू आहे, 2022 पासून कायदाही आहे. बरं झालं. पण कायदा दिल्लीत आहे आणि सुई खाली तालुक्यात.

क्रिकेटवाल्यांचं तर वेगळंच. पृथ्वी शॉ 2019 च्या फेब्रुवारीत सापडला, टर्ब्युटालिनसाठी. बीसीसीआयने आठ महिन्यांची बंदी घातली, ती मागच्या तारखेपासून मोजली आणि जाहीर केली जुलैच्या अखेरीस. म्हणजे जाहीर होईपर्यंत निम्मी संपलेली. ओरड झाली, आणि दहा-पंधरा दिवसांत बीसीसीआय नाडाखाली आली. तोपर्यंत जगातलं सगळ्यात श्रीमंत मंडळ आपल्या खेळाडूंची परीक्षा आपणच घेत होतं.

पण या प्रकरणात मला औषधवाला म्हणून जे दिसलं ते वेगळं. टर्ब्युटालिन कशात असतं? खोकल्याच्या औषधात. माझ्या काउंटरच्या मागच्या फळीवर आत्ता या क्षणी त्याच्या चार-पाच कंपन्यांच्या बाटल्या आहेत. छातीत कफ झाला की निम्मा तालुका तेच पितो, आणि बरेच जण चिठ्ठी न आणता नुसतं "खोकल्याचं लाल औषध द्या" म्हणतात. श्वासनळी मोकळी करणारं औषध आहे, म्हणून ते खेळाडूंसाठी बंदीच्या यादीत. पृथ्वी शॉने खोकल्यासाठीच घेतलं होतं आणि ते मंडळानेही मान्य केलं. 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये रोमानियाच्या आंद्रेया रादुकान नावाच्या सोळा वर्षांच्या पोरीचं जिम्नॅस्टिक्सचं सुवर्ण सर्दीच्या गोळीने गेलं, आणि ती गोळी संघाच्या डॉक्टरनेच दिलेली. तेव्हा फक्त बदमाशच सापडतात असं नाही, गाफीलही सापडतात. वाडाचा नियम सरळ आहे, तुझ्या अंगात जे सापडलं त्याला तू जबाबदार. माहीत नव्हतं म्हणून शिक्षा कमी होईल, सुटका होईलच असं नाही.

पावडरचं तर विचारू नका. बिलाशिवाय मिळणारा डबा, वर परदेशी माणसाचे दंड छापलेले, आत काय आहे ते बनवणाऱ्यालाच ठाऊक. 2011 मध्ये आपल्या 4 बाय 400 रिलेच्या मुली सापडल्या. आदल्याच वर्षी आशियाई सुवर्ण जिंकलेल्या संघातल्या काही जणी त्यात होत्या. त्यांचं म्हणणं, कोचने आणून दिलेल्या जिनसेंगमध्ये ते होतं. युक्रेनचा कोच हाकलला, मुलींना नाडाने एक वर्ष दिलं, लवादाने दोन केलं. कोच आपल्या देशात गेला, पोरींची उमेदीची वर्षं गेली. 2018 ला जकार्तात उलटं झालं. मिश्र रिलेत बहारीनची खेळाडू सापडली आणि आपलं रौप्य सुवर्ण झालं. आपण पेढे वाटले. त्याच आपल्या चौघांतल्या एकीवर 2022 मध्ये दुसऱ्या नमुन्यावरून दोन वर्षांची बंदी आली. तेव्हा पेढेवाले गप्प.

आता त्या पोराकडे येतो. पोलीस भरतीला मैदानी 50 गुणांचं. 1600 मीटरला 20, 100 मीटरला 15, गोळ्याला 15. वडील वाशीला माथाडीत. घरी आई आणि दोन म्हशी. पहाटे केळघर रस्त्याला पळणारी जी पोरं दिसतात त्यातलाच एक. त्याला एक-दोन सेकंदांनी गुण जाताहेत, आणि कोणीतरी सांगितलंय की समोरची सगळी पोरं घेतातच. खरं-खोटं माहीत नाही, पण ही अफवाच इंजेक्शनापेक्षा जास्त काम करते. "सगळे घेतात" म्हटलं की चोरीची लाज जाते.

मी त्याला ओरडलो नाही. काउंटरवर बसवलं, चहा सांगितला. म्हटलं, हे औषध ज्याला देतात त्याच्या छातीला मशीन जोडलेलं असतं आणि बाजूला भूलतज्ज्ञ उभा असतो. तू हे टोचून उन्हात चार फेऱ्या मारणार. हृदयाचे ठोके कुठे जातील, मेंदूतली नस फुटेल की राहील, याचा हिशेब कोणी ठेवायचा? तुझ्या आईने? तो म्हणाला, "काका, तुम्ही नाय दिलं तर साताऱ्यात मिळंल." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरंच मिळेल.

म्हणून ग्रुपवर "बदनामी" म्हणणाऱ्यांना आणि "बंदी घाला" म्हणणाऱ्यांना, दोघांनाही माझं एकच विचारणं आहे. तुमच्या तालुका क्रीडा स्पर्धेत, तुमच्या गावच्या यात्रेतल्या कुस्तीच्या फडात, तुमच्या अकॅडमीत पोरं काय टोचतात ते तुम्ही कधी बघितलंत का? जिल्हा आणि विभागीय स्पर्धेत, जिथून नोकरीचं प्रमाणपत्र निघतं, तिथे दहातल्या एकाची तरी तपासणी व्हावी अशी मागणी आपल्या आमदार-खासदारांकडे कोणी केली? रस्ता आणि पाणी मागतो तसं हेही मागावं लागेल. भरतीच्या मैदानावरसुद्धा. खर्च येतो, मान्य. केनियावर अशीच देशव्यापी बंदीची वेळ 2022 मध्ये आली होती. त्यांच्या सरकारने पाच वर्षं दरसाल 50 लाख डॉलर डोपिंगविरोधात घालायचं कबूल केलं, तेव्हा ती टळली. ज्या देशाची अर्धी इज्जत धावण्यावर आहे त्याला ते परवडलं. आपण तर 2036 चं ऑलिंपिक मागतोय.

अकॅडमी चालवणाऱ्या सर मंडळींना हात जोडून सांगतो, सगळे तसे नाहीत, चांगले आहेत त्यांना मी ओळखतो. पण "माझ्याकडून एवढी पोरं लागली" असा बॅनर लावताना पोरं कशावर पळाली तेही विचारत जा.

आणि माझ्या धंद्यातल्या भावांनो, बिनचिठ्ठीचं असलं इंजेक्शन देऊन मिळणारे दोन-तीनशे रुपये सोडा. आपल्यातलेच काही जण देतात, म्हणून तर तो पोरगा एवढ्या खात्रीने "साताऱ्यात मिळंल" म्हणाला.

उद्यापासून माझ्या दुकानात पाटी असेल: खेळाडू असाल तर औषध घेण्याआधी सांगा. शाळेकडून खेळणारं बारा वर्षांचं पोरगं असलं तरी सांगा. नाडाचं नो युवर मेडिसिन नावाचं ॲप आहे, त्यात औषधाचं नाव टाकून बंदीच्या यादीत आहे का ते बघता येतं. मी काउंटरवर बघून देईन, पैसे लागणार नाहीत. दमा किंवा दुसरा आजार असेल आणि यादीतलंच औषध घ्यावं लागत असेल, तर डॉक्टरांच्या कागदांवर आधी परवानगी मागता येते. त्याचा अर्ज कसा भरायचा तेही दाखवीन. पावडरचा डबा आणलात तर त्यात काय आहे हे मी सांगू शकणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

तो पोरगा त्यानंतर दुकानात आलेला नाही. रस्त्याला पळताना एकदा दिसला, हात केला, त्यानेही केला. ही पोस्ट तो वाचेल असं वाटतं. बाळा, नाव लिहिलेलं नाही, काळजी करू नकोस. चहाला ये.